चुना, कोहळा आणि ताजमहाल

आग्र्याच्या पेठ्याला गोडी देते साखर, पण त्याचा करकरीतपणा येतो चुन्यातून. ताजमहालाचा संगमरवरही याच चुन्याच्या कुळातला. एका मिठाईच्या आणि एका वास्तूच्या नात्याची ही गोष्ट.

मुंबईहून निघालेली पंजाब मेल असो की पुण्याहून निघालेली झेलम एक्सप्रेस, गाडी आग्रा कॅन्टच्या फलाटाला लागली की पहिली हाक कानावर येते ती पेठ्याची. ताजमहाल अजून काही किलोमीटर दूर असतो. डब्यातली माणसे बाकाखालच्या बॅगा ओढत असतात, मुले चपला शोधत असतात, आणि तेवढ्यात पांढऱ्या, केशरी, हिरवट तुकड्यांची खोकी दारापर्यंत येऊन पोहोचतात. आग्र्याहून ताजमहाल न पाहता परतलेला माणूस एखादे वेळी सापडेल; पेठ्याचे खोके न घेता परतलेला सापडणे कठीण.

आग्रा आणि मिठाई ही जोडी मराठी माणसाला तशी नवी नाही. १६६६ च्या ऑगस्टमध्ये छत्रपती शिवाजी महाराज औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निसटले ते मिठाईच्या पेटाऱ्यांच्या आधाराने, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने शाळेत ऐकलेली असते. त्या पेटाऱ्यांत पेठाही होता का, असा प्रश्न आग्र्याच्या बाजारात उभ्या असलेल्या मराठी पर्यटकाच्या मनात हमखास येतो. दुकानदाराला तो विचारला तर उत्तराऐवजी एक तुकडा हातावर पडतो. "पहले चख लीजिए बहनजी, पैसे बाद में."

आग्रेकरांची स्वतःची कथा वेगळीच आहे. ताजमहालाचे काम करणारे हजारो मजूर रोजच्या डाळ-रोटीला कंटाळले, तेव्हा शाहजहानने ताजसारखीच पांढरीशुभ्र, अंगात ताकद आणणारी आणि उन्हाळ्यात न नासणारी मिठाई करायला सांगितली आणि त्यातून पेठा जन्मला, असे तिथले लोक सांगतात. ही दंतकथाच आहे. पण दंतकथेत कधी कधी एखादे सत्य भलत्याच वेषात लपलेले असते. पेठा आणि ताजमहाल यांचे नाते खरोखरच आहे. मात्र ते जोडले आहे साध्या पांढऱ्या चुन्याने.

नूरी दरवाज्याच्या गल्लीत

पेठा विकणारी दुकाने आग्र्यात जागोजागी आहेत. पेठा होताना पाहायचा असेल तर मात्र जुन्या शहरातल्या नूरी दरवाजा भागात जायला हवे. भगतसिंग आणि त्यांच्या क्रांतिकारक साथीदारांनी १९२८-२९ च्या सुमारास याच भागात मुक्काम केला होता. आज या भागाची ओळख पेठ्याची आहे. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि दुकानांच्या मागे किंवा वरच्या मजल्यावर कारखाने. कारखाना म्हटले की यंत्रांचा खडखडाट डोळ्यांसमोर येतो. इथे तसे काही नसते. मोठमोठ्या कढया, पाण्याच्या टाक्या, परातींच्या उतरंडी आणि घामाने निथळणारे कारागीर, एवढाच पसारा.

दाराशी कोहळ्यांचे ढीग लागलेले असतात. सालीवर पांढरट भुकटी असलेला, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा हाच तो कोहळा. महाराष्ट्रात तो नव्या घराच्या किंवा दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगतात, तर आग्र्यात त्याची सरळ कढईत रवानगी होते. हिंदीत या फळभाजीलाच पेठा म्हणतात, म्हणजे मिठाईने आपले नावही तिच्याकडूनच घेतले आहे.

सालीवरची ती भुकटी म्हणजे मेणाचा नैसर्गिक थर. या थरामुळे आतले पाणी उडून जात नाही आणि बाहेरची बुरशी सहजासहजी आत शिरत नाही. म्हणून कोहळा काढणीनंतर कित्येक महिने टिकतो, ट्रकमधून लांबचा प्रवास करतो आणि कारखान्याच्या कोपऱ्यात निमूट पडून राहतो. घरात टांगलेला कोहळा वर्षभरही सुकत नाही यामागचे रहस्यही हेच.

गंमत अशी की या कोहळ्याला स्वतःची गोडी जवळजवळ नाहीच. त्याच्या गरात शंभरात सुमारे ९६ भाग पाणी असते. वास फारसा नाही, रंग नाही, चवही बेताचीच. हलवायाला नेमके हेच हवे असते. ज्याला स्वतःची चव नाही ते फळ दुसऱ्याची चव बिनतक्रार स्वीकारते. केशर घातले की ते केशराचे, गुलाब घातला की गुलाबाचे.

कोहळा चिरून त्याची साल, बिया आणि मधला भुसभुशीत भाग काढून टाकतात. उरलेल्या घट्ट गराचे तुकडे करतात आणि अनेक टोकांच्या हत्याराने त्यांना सर्वांगावर टोचे मारतात. आवळ्याचा मुरंबा घालणाऱ्या गृहिणीला याचे नवल वाटणार नाही. आवळ्यालाही काट्याने असेच टोचावे लागते, नाहीतर पाक आतपर्यंत पोहोचत नाही. मराठीत आवळा देऊन कोहळा काढणारे लोक असतात. पाककलेत मात्र या दोघांना एकाच रांगेत उभे राहून टोचून घ्यावे लागते.

चुना लावण्याचे शास्त्र

आग्र्यात पर्यटकाला चुना लावणारे काही कमी नाहीत. पण कोहळ्याला चुना लावल्याशिवाय पेठा होतच नाही.

टोचलेले तुकडे चुन्याच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवतात. बाहेर काढल्यावर ते पूर्वीपेक्षा टणक झालेले असतात. हा टणकपणा दिसतो साधा, पण त्याच्यामागे मोठी मजेदार गोष्ट आहे.

कुठलीही भाजी असंख्य पेशींची बनलेली असते. या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवण्याचे काम पेक्टिन नावाचा पदार्थ करतो. पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. विटांच्या भिंतीत जसा गिलावा, तसे भाजीत पेक्टिन. भाजी उकळली की हा गिलावा हळूहळू विरघळतो, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि भाजी मऊ पडते. दुधी हलव्यात हा मऊपणा हवाच असतो. पण पेठ्याचा तुकडा तासन्‌तास उकळत्या पाण्यात आणि पाकात राहणार असतो. तिथे तो विरघळला तर हाती लागेल तो कोहळ्याचा गोड लगदा.

चुन्यात असते कॅल्शियम. पेक्टिनचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात आणि त्यांना खाचा असतात. दोन साखळ्या शेजारी आल्या की त्यांच्या खाचांत कॅल्शियमचे कण नेमके बसतात आणि दोन्हींना घट्ट धरून ठेवतात. अंडी ठेवण्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर दुसरा ट्रे पालथा ठेवावा आणि मधल्या खळग्यांत अंडी असावीत, तशी ही रचना. शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तिचे वर्णन करताना अंड्यांच्या खोक्याचीच उपमा दिली होती. चुना अल्कधर्मी असल्यामुळे तो पेक्टिनच्या साखळ्यांवरचे काही अडसरही दूर करतो आणि कॅल्शियमला बसायला जास्त जागा मोकळी होते. एकदा ही बांधणी झाली की मग कितीही उकळा, तुकडा आपला आकार सोडत नाही. पेठा दाताखाली करकर वाजतो तो या कॅल्शियमच्या जोरावर.

अर्थात चुना अंगात मुरवायचा असला तरी अंगावर ठेवायचा नसतो. विड्यात चुना जरा जास्त झाला की तोंड कसे पोळते, हे पान खाणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून भिजवलेले तुकडे पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढतात, मग उकळतात आणि पुन्हा धुतात. इथे आळस केला की पेठ्याला उग्र चव येते. आणि विडा खाणाऱ्याचे तोंड पोळते, तसेच चुन्याच्या पाण्यात दिवसभर हात घालणाऱ्या कारागिराचे हातही पोळतात. गिऱ्हाइकाच्या जिभेला न लागणारा चुना कुणाच्या तरी कातडीला लागलेला असतो.

पाकाचे गणित

आता तुकडे पाकात जातात. पाक करताना साखरेत थोडे दूध घालण्याची रीत हलवायांत फार जुनी आहे. दूध उष्णतेने फाटते, त्यातली प्रथिने साखरेतला मळ आपल्या जाळ्यात पकडून फेसाबरोबर वर येतात आणि हा फेस झाऱ्याने काढून टाकला की खाली नितळ पाक उरतो. मिठाई पांढरीशुभ्र दिसायची तर पाकाची अशी धुलाई हवीच.

पाक आधी पातळ ठेवतात आणि शिजवत शिजवत घट्ट करत नेतात. घाई करून तुकडे एकदम दाट पाकात टाकले तर ते आकसून सुरकुततात. याचे कारण शाळेच्या पुस्तकात परासरण या नावाखाली दिलेले असते. दोन बाजूंना कमीजास्त दाट द्रव असले की पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे धाव घेते. लोणच्याच्या कैरीला मीठ लावले की पाणी सुटते ते याचमुळे. दाट पाकात पडलेल्या कोहळ्याचे पाणी झपाट्याने बाहेर पडते, पण त्याच वेगाने साखर आत शिरू शकत नाही. हळूहळू घट्ट होणाऱ्या पाकात मात्र पाणी सावकाश जाते आणि टोच्यांच्या वाटेने साखर सावकाश येऊन त्याची जागा घेते. पेठा करणे म्हणजे ही अदलाबदल धीराने घडवून आणणे.

साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे २ किलो साखर विरघळते. पाणी उकळीला आले की हेच प्रमाण जवळजवळ ५ किलोपर्यंत जाते. म्हणजे गरम पाकात सामावलेली पुष्कळशी साखर पाक थंड होताना आत मावत नाही आणि बारीक स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडते. सुक्या पेठ्यावरचा पांढरा, किंचित खरखरीत थर म्हणजे ही बाहेर पडलेली साखर. घरी चिरोट्यांवर किंवा शंकरपाळ्यांवर पाक साखरतो तो असाच. उलट गुलाबजामच्या पाकात साखर धरू नये म्हणून लिंबू पिळतात. लिंबातल्या आम्लामुळे साखरेच्या काही रेणूंचे दोन तुकडे होतात, आणि हे तुकडे उरलेल्या साखरेला शिस्तीत रांगा लावून स्फटिक बनू देत नाहीत.

दंतकथेतला शाहजहान न नासणारी मिठाई मागतो. साखरेने त्याची मागणी पूर्ण केली असती यात शंका नाही. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागते. पेठ्यात पाणी थोडेफार असते, पण साखरेने ते असे धरून ठेवलेले असते की सूक्ष्म जीवांच्या वाट्याला ते येत नाही. पेठ्यावर बसलेल्या जिवाणूच्याच अंगातले पाणी साखर ओढून घेते. समोर पाणी असून बिचारा तहानेने मरतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवलेली बरी. पेठ्यात तूप नाही, मावा नाही, म्हणून तो हलका आणि पथ्याचा, असे पुष्कळांना वाटते. तूप नाही हे खरे. कोहळ्याला आयुर्वेदात मान आहे हेही खरे. पण कढईत कोहळ्यातले पाणी गेले आणि त्याच्या जागी साखर आली. सुका पेठा खाणे म्हणजे मुख्यतः साखर खाणे. घरात मधुमेही असतील तर कोहळ्याच्या नावावर सूट घेऊ नये.

जिभेच्या गमती

आग्र्याची सकाळ बेडई-जलेबीने उजाडते. डाळीचे सारण भरलेली खुसखुशीत बेडई, झणझणीत बटाट्याची भाजी आणि वर गरम जलेबी. तिखटानंतर गोड का, याचे उत्तर जीभच देते. मिरचीची आग ही चव नसून उष्णतेची आणि वेदनेची जाणीव आहे, आणि साखरेने ती आग काहीशी शमते. पेठ्याच्या खोक्याबरोबर दालमोठची पुडी घेण्याची इथली रीतही अशीच शहाणपणाची. तळलेली मसूर आणि शेव यांच्या या खारट चिवड्याचा एक घास आणि पेठ्याचा एक तुकडा, असे आलटून पालटून खाल्ले की दोन्हींची चव खुलते. आजी खिरीत चिमूटभर मीठ घालत असे, तिला हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

पेठा खाऊन लगेच चहाचा घोट घेतला तर चहा फिक्का लागतो. चहावाला उगाच शिव्या खातो. जिभेवरची गोडी ओळखणारी यंत्रणा नुकतीच साखरेच्या माऱ्याने थकलेली असते, तिला चहातले दोन चमचे जाणवतच नाहीत. थोडे पाणी पिऊन काही वेळ थांबले की तोच चहा पुन्हा गोड होतो.

गोडी जिभेच्या शेंड्यालाच कळते, असे पूर्वी पाठ्यपुस्तकांत शिकवत आणि सोबत जिभेचा नकाशाही छापत. हा नकाशा चुकीचा होता. १९०१ मधल्या एका जर्मन निबंधाचा पुढे भलताच अर्थ लावला गेला आणि तो वर्षानुवर्षे पुस्तकांतून फिरत राहिला. गोडी ओळखणाऱ्या पेशी जिभेच्या सर्व रुचिकलिकांत विखुरलेल्या असतात. पेठ्याचा तुकडा गालाजवळ ठेवा की जिभेच्या मागे न्या, तो गोडच लागतो.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. एकाला डोळे मिटून नाक दाबायला सांगावे आणि आधी साधा, मग केशर-केवड्याचा पेठा द्यावा. त्याला फरक सांगणे अवघड जाईल. नाक सोडले की केवडा एकदम दरवळतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा नाकाचा असतो. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू असे ठळक संदेश कळतात, बाकीची कलाकुसर वासाची.

तापमानाचीही किमया आहे. जिभेवर गोडीचा संदेश पुढे नेणारी यंत्रणा थंडीत मंदावते आणि उबेत जोमाने काम करते, हे बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. वितळलेले आइस्क्रीम घशाखाली उतरत नाही इतके गोड लागते ते याचमुळे. म्हणून उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आग्रेकर पाकातला अंगूरी पेठा थंड करून खातात. थंडपणामुळे त्याची गोडी सौम्य होते.

गोडी सगळ्यांनाच कळते असेही नाही. आग्र्यातली माकडे पर्यटकाच्या हातातले खोके हिसकावण्यात पटाईत आहेत. पण हलवायाच्या दुकानाशेजारी बसलेली मांजर पाकाच्या कढईकडे ढुंकूनही पाहत नाही. तिचा डोळा दुधावर असतो. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखणारा ग्राहक रेणू घडवायला दोन जनुके लागतात. त्यांपैकी एक मांजराच्या कुळात केव्हाच निकामी झाले आहे, हे अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये शोधून काढले. शिकारीवर जगणाऱ्या प्राण्याला गोड फळांची पारख करून करायचे तरी काय?

माणसालाही असे तात्पुरते मांजर बनवणारी एक वेल आपल्या देशात आहे. तिचे नाव गुडमार, म्हणजेच मधुनाशिनी. तिची पाने चघळून साखर तोंडात टाकली तर वाळू खाल्ल्यासारखे वाटते. पानातला रस गोडीच्या ग्राहकांवर जाऊन बसतो आणि काही वेळ साखरेला तिथे प्रवेशच मिळत नाही. नंतर सारे पूर्ववत होते. नूरी दरवाज्याच्या गल्लीत ही पाने वाटली तर व्यापाराचे काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

धूर आणि संगमरवर

पेठ्याचा चुना येतो चुनखडीच्या दगडातून. हा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. हाच चुना पानाला लागतो, भिंतीला लागतो आणि पेठ्यालाही. भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि वर्षानुवर्षांत परत दगड होतो.

पण काही चुनखडी भट्टीत न जाता पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली राहिली, आणि तिचा झाला संगमरवर. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला मुमताज महलचा मृत्यू झाल्यावर शाहजहानने ज्या वास्तूचे काम सुरू केले, तिच्यासाठी राजस्थानातल्या मकराण्याहून आणलेला दगड हाच. आतल्या विटांचे बांधकामही चुन्याच्याच जोरावर उभे आहे. म्हणजे पेठ्याला टणक करणारे कॅल्शियम आणि ताजमहालाला पांढरेपण देणारे कॅल्शियम एकच. मिठाई आणि मकबरा ही एकाच कुळातली भावंडे.

आणि या भावंडांतच एकदा वाकडे आले. पेठ्याच्या कढईखाली पिढ्यान्‌पिढ्या दगडी कोळसा जळत आला होता. कोळशात गंधक असते. जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, हवेतल्या दमटपणात त्याचे आम्ल बनते आणि हे आम्ल संगमरवराला खाते. दगडाचे वरचे थर जिप्सममध्ये बदलतात. जिप्सम मऊ, सहज झडणारा आणि काजळी धरून ठेवणारा. आग्र्यातल्या लोखंडाच्या ओतशाळा, आसपासचे इतर कारखाने आणि मथुऱ्याचा १९८२ मध्ये सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना यांच्या धुराने ताजमहालाला धोका आहे, अशी याचिका विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. ताजमहालाभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या २९२ कारखान्यांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर तिथून हलावे, असा तो आदेश होता.

कोळशाची बंदी पुढे पेठ्याच्या भट्ट्यांपर्यंतही पोहोचली. यमुनेपलीकडे कालिंदी विहार भागात पेठ्याच्या कारखान्यांसाठी वेगळी वसाहत वसवण्याची योजना निघाली. पण जुना बाजार सोडून जायला कारखानदार नाखूश होते. गिऱ्हाईक नूरी दरवाज्याची वाट धरते, कारागीर तिथेच आसपास राहतात, मग भट्टी तेवढी दूर नेऊन काय करायचे, असा त्यांचा सवाल होता. वायूचा खर्च कोळशापेक्षा जास्त, आणि किलोमागे मिळणारा नफा तुटपुंजा, ही दुसरी तक्रार. मोठ्या दुकानदारांनी हा खर्च पेलला. एकदोन कढयांवर घर चालवणाऱ्याला तो जड गेला. बंदीनंतरही लपवून चालवलेल्या कोळशाच्या भट्ट्या पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या, त्या यामुळेच.

ताजमहालाच्या काळवंडण्याचा सारा दोष पेठ्याच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. कानपूरची आयआयटी, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि अमेरिकेतील विद्यापीठे यांच्या संशोधकांनी ताजच्या आवारात संगमरवराचे छोटे तुकडे ठेवून त्यांच्यावर काय साचते ते तपासले. २०१४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संगमरवराला पिवळट-तपकिरी झाक येते ती धुळीमुळे आणि जळणातून निघणाऱ्या कार्बनच्या कणांमुळे, असे त्यांत दिसून आले. हे कण वाहनांच्या धुरातून येतात, तसेच लाकूड, शेण आणि उघड्यावर जाळलेला कचरा यांतूनही येतात. हे कण प्रकाशातला निळा भाग शोषून घेतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना पिवळसर दिसतो.

हे डाग काढण्यासाठी पुरातत्त्व खाते जो उपाय करते तो प्रत्येक घरातल्या मुलींना ठाऊक आहे. मुलतानी मातीचा लेप! १९९४ पासून ताजच्या संगमरवरावर अधूनमधून असा लेप लावतात, तो वाळू देतात आणि मग शुद्ध पाण्याने धुऊन काढतात. माती मळ शोषून घेते आणि दगड पुन्हा उजळतो. पण चेहऱ्याचे असो की ताजमहालाचे, धूर थांबला नाही तर लेपाचे काम कायमचे मागे लागते.

म्हणून वायूच्या निळ्या ज्योतीवर शिजणारा पेठा ही साधी गोष्ट समजू नये. आग्र्याला पोटापाण्यासाठी पेठाही हवा आणि ताजही हवा. ताजसाठी लोक येतात म्हणून पेठा खपतो. शहाण्या दुकानदारांना हे कळते. ताज काळवंडला तर खोकी घ्यायला येणार कोण?

पेठा घेताना

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे लक्षात ठेवून आग्र्याचा बेत आखावा. ताजच्या आत खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेठ्याची खरेदी परतीच्या वाटेवर ठेवणे सोयीचे. घेण्यापूर्वी चाखून पाहावे. चांगला सुका पेठा तोडताना किंचित करकरतो, आतून ओलसर आणि अर्धपारदर्शक दिसतो, आणि त्याला चुन्याचा उग्रपणा नसतो. लांबच्या प्रवासाला सुका पेठा बरा. पाकातला अंगूरी पेठा लवकर संपवावा.

मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात पेठ्याचे खोके उघडे ठेवू नये. दमट हवेतले पाणी साखर ओढून घेते, पेठ्याला पाणी सुटते, वरचा पाक पातळ होतो आणि इतके दिवस तहानलेल्या बुरशीला संधी मिळते. हवाबंद डब्यात तो छान राहतो.

आणि हो, एखाद्या कारखान्यात पेठा होताना पाहायला मिळाला तर तुकडे धुणाऱ्या कारागिराच्या हातांकडेही एकदा पाहावे. ताजमहाल बांधणाऱ्या हातांची आठवण सगळेच काढतात. पेठा बांधणाऱ्या या हातांना निदान एक दाद तरी द्यायला हरकत नाही.